घरातली लॅब: तीन मिनी पीसी आणि एक नॅस

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवण्याचं (व्हर्च्युअलायझेशनचं) सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, विकत घेतली आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणांची गणितं बदलली. कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय, म्हणजे त्यांचं हे आभासी संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, तेही बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये ते परत आलं खरं, पण तोवर बरेच लोक दुसऱ्या वाटेला लागले होते. आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येही प्रॉक्समॉक्स या पर्यायी सॉफ्टवेअरचं नाव वरचेवर निघू लागलं. मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. उद्या हे काम माझ्याच टेबलावर येणार, हे दिसत होतं. प्रॉडक्शनवर शिकता येत नाही. चालत्या सर्व्हरची केबल उपटली तर नेमकं काय होतं हे बघायचं असेल, तर तो सर्व्हर आपल्या मालकीचा हवा. म्हणून डोंबिवलीच्या आमच्या घरात ही लॅब उभी राहिली.

एका पीसीवर पाच-सहा व्हीएम (आभासी संगणक) चालवणं हे एका संध्याकाळचं काम आहे. मला तेवढंच नको होतं. व्हीएम एका मशीनवर चालतेय, तिची डिस्क दुसऱ्याच मशीनवर आहे आणि मधे नेटवर्क आहे, अशी मांडणी हवी होती. चालती व्हीएम एका होस्टवरून (ती चालवणाऱ्या मशीनवरून) दुसऱ्यावर हलवणं, होस्ट बंद पडला तर ती आपोआप दुसरीकडे सुरू होणं, या गोष्टींना खरी चव येते ती स्टोरेज सामायिक असलं की. ऑफिसात हे स्टोरेज दुसऱ्या टीमकडे असतं. आम्हाला फक्त लन, म्हणजे वापरायला तयार डिस्कचा एक तुकडा, मिळतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. व्हर्च्युअलायझेशन शिकायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त स्टोरेज शिकायचं, असं माझं मत होतं आणि आता ते अधिकच पक्कं झालं आहे.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरणारा कुणी ते नाव घेत नाही. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले मिनी पीसी तिथे ढिगाने मिळतात. मी लेनोवोचे एम७२०क्यू टायनी हेरून ठेवले होते. त्यात आठव्या पिढीचा आय५-८५००टी, सहा कोअरचा आणि ३५ वॉटचा प्रोसेसर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत पीसीआयई रायझर बसवायची सोय असते. रायझर लावला की अडीच इंची डिस्कची जागा जाते, पण त्या बदल्यात वेगळं नेटवर्क कार्ड बसतं. स्टोरेज नॅसवरच (नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या मशीनवरच) ठेवायचं होतं, त्यामुळे ती जागा गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. असे तीन घेतले.

नॅससाठी झिऑन ई३ प्रोसेसर आणि ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम असलेलं जुनं वर्कस्टेशन पाहिलं. ३२ जीबी रॅम, चार डिस्क बसतील एवढी जागा. डिस्क मात्र नव्याच घेतल्या, ४ टीबीच्या चार, आणि घेण्याआधी मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्याशी ताडून त्या सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी असलेल्या) आहेत, एसएमआर नाहीत, याची खात्री केली. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण एक डिस्क बदलून झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल (एकत्र बांधलेल्या डिस्कचा गट) पुन्हा भरताना ती दीर्घकाळ धापा टाकते. नेमकी तेव्हाच त्याच डेटाची दुसरी प्रत असलेली डिस्क एकटी पडलेली असते.

एक वस्तू मात्र जुनीच हवी होती: इंटेलची डीसी एस३७००, २०० जीबीची. ही डेटासेंटरची एसएसडी २०१२ मध्ये बाजारात आली आणि रोज १० वेळा पूर्ण भरली तरी ५ वर्षं टिकेल असा तिचा दावा होता. दुकानदाराने ड्रॉवरमधून तीन-चार काढून काउंटरवर ठेवल्या. मी लॅपटॉप आणि यूएसबीची जोडणी सोबतच नेली होती.

“साहेब, सगळ्या ओके आहेत. एवढं तपासून कोण घेतं?”

“दादा, पाच मिनिटं द्या फक्त. चांगली निघाली तर हीच घेऊन जातो.”

स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले, आकडे एकेक करून बघितले. पॉवर-ऑन अवर्स सगळ्यांचे भरपूर होते, त्याची काळजी नव्हती. मी बघत होतो तो मीडिया वेअरआउटचा आकडा. नवी असताना तो १०० असतो आणि लिहून लिहून खाली येतो. एक साठीत होती, एक ९८ वर. दुकानदारही वाकून बघू लागला आणि कुठला आकडा कशाचा ते त्याने विचारून घेतलं. ९८ वाली घेतली. हिच्यावर पुढे सगळा भार येणार होता, म्हणून एवढी चिकित्सा.

घरी आल्यावर आधी डिस्कची झडती. बॅडब्लॉक्स या चाचणीच्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कवर चार वेगवेगळे पॅटर्न लिहून परत वाचायचे. ४ टीबीला याला काही दिवस लागतात. हा वेळ जाऊ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. नवी डिस्क मरायची असेल तर तिने रिकामी असतानाच मरावं.

नॅसवर ट्रूनॅस ही झेडएफएस वापरणारी सिस्टिम टाकली. चार डिस्कची मांडणी कशी करायची यावर बराच विचार केला. रेडझेड१ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी झेडएफएसची मांडणी) चारपैकी तीन डिस्कएवढी जागा मिळते. आरशाच्या, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत असलेल्या, दोन जोड्या केल्या तर निम्मीच, ८ टीबी. तरी मी जोड्याच केल्या. व्हीएमचं काम म्हणजे चारी बाजूंनी येणारे छोटे-छोटे वाचन-लेखनाचे तुकडे. रेडझेडचा एक गट अशा कामात साधारण एका डिस्कच्या चालीने चालतो. जोड्या दोन असल्या की लिहिणं दोघींत वाटलं जातं आणि वाचायला तर चारही डिस्क मोकळ्या असतात. शिवाय डिस्क गेली तर फक्त तिच्या जोडीदाराकडून कॉपी करायची असते. सिनेमे साठवायचे असते तर रेडझेड घेतलं असतं.

नेटवर्क दोन वेगळी केली. मिनी पीसीच्या मूळच्या १ गिगाबिट पोर्टवर घरचं नेटवर्क आणि क्लस्टरचं (तिन्ही मशीनच्या गटाचं) आपसातलं बोलणं. रायझरवरच्या २.५ गिगाबिट कार्डावर फक्त स्टोरेज: वेगळा छोटा स्विच, वेगळा सबनेट (पत्त्यांचा गट), बाहेर जायचा गेटवे नाहीच. १ गिगाबिटवर हिशेबाने सेकंदाला १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११० ते ११५. म्हणजे एकट्या साध्या हार्ड डिस्कलाही ती नळी पुरत नाही. २.५ ला आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामवर २.३५ गिगाबिट मिळाले, घरातल्या कॅट ५ई केबलवरच. जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटचे मोठे तुकडे) चालू केल्यावर तो आकडा २.४७ झाला. जम्बो फ्रेम लावणाऱ्याने एक चाचणी न चुकता करावी: तुकडे करायला मनाई करून ८९७२ बाइटचा पिंग पाठवायचा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. वाटेत एकही पोर्ट १५०० वर राहिला असेल तर साधा पिंग आरामात जातो, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल निघाली की सगळं ठप्प. ही अवस्था इतकी फसवी असते की माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

क्लस्टरचं बोलणं स्टोरेजपासून वेगळं ठेवण्यामागेही कारण आहे. प्रॉक्समॉक्समध्ये ते काम कोरोसिंक करतं, आणि त्याला बँडविड्थ नगण्य लागते पण उशीर सहन होत नाही. स्टोरेजवर मोठी कॉपी चालू असताना त्याच तारेत त्याचे निरोप अडकले, तर धडधाकट नोड (क्लस्टरमधलं मशीन) मेला असं बाकीचे समजतात. हाय अव्हेलेबिलिटी (व्हीएम आपोआप दुसरीकडे सुरू होण्याची सोय) चालू असेल तर तो नोड साधारण मिनिटाभराने स्वतःला रीबूट करतो.

प्रॉक्समॉक्स बसवण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खाली डेबियन लिनक्स, त्यावर व्हीएम चालवणारं केव्हीएम. इन्स्टॉलर दहा मिनिटांत उरकतो. सबस्क्रिप्शन नसेल तर रिपॉझिटरी बदलायची, तिन्ही नोडवर वेळ जुळलेली आहे का बघायचं, क्लस्टर करायचं. झालं.

मग आला खरा प्रश्न: नॅसवरचं स्टोरेज नोडना द्यायचं कसं, आयस्कझीने की एनएफएसने? दोन्ही करून बघितले. आयस्कझीमध्ये नॅस एक कोरी डिस्क नेटवर्कवरून देतो आणि तिन्ही नोड तिच्यावर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची सोय) मांडतात. चाल चांगली मिळते. पण सामायिक एलव्हीएमवर जागा आधीच पूर्ण अडवली जाते, आणि स्नॅपशॉटची (त्या क्षणाची स्थिती जपून नंतर तिथे परतण्याची) नेहमीची सोय मिळत नाही. लॅबमध्ये स्नॅपशॉट नाही म्हणजे काहीही मोडून बघायची मुभाच गेली. एनएफएसमध्ये नॅस फाइलींचं फोल्डर देतो आणि व्हीएमची डिस्क ही त्यातली एक साधी क्यूकाऊ२ फाइल असते. स्नॅपशॉट मिळतो, नॅसवर जाऊन फाइल डोळ्यांनी दिसते, हवी तर उचलून नेता येते. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं आणि झेडएफएसही त्याच घरचं. दोघांचं छान जमतं.

नॅस अचानक गेला की दोघांची वागणूकही वेगळी असते. आयस्कझीवर ठरावीक वेळ वाट पाहून व्हीएमला डिस्कची एरर मिळते आणि आतली फाइल सिस्टिम बहुधा रीड-ओन्ली होऊन बसते. एनएफएसच्या हार्ड माउंटवर (उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या जोडणीवर) व्हीएम नुसती थिजते. कन्सोलवर अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलाय असे संदेश येत राहतात, आणि नॅस परत आला की ती मधेच सोडलेलं काम पुढे सुरू करते. मी नॅसची केबल काढून चहा करायला गेलो, परत येऊन लावली, आणि अर्ध्यावर थांबलेलं अपडेट पुढे सरकताना पाहिलं. एनएफएस घ्यायचं तिथेच ठरलं.

पण एनएफएसवर पहिली व्हीएम टाकली तेव्हा ती फार संथ होती. मोठ्या फाइल सुसाट, आणि डेटाबेसची छोटी नोंद मात्र रखडत. एफआयओ या मोजणीच्या प्रोग्रामने ४ केबीचं, एकेक करून, पक्कं लेखन मोजलं तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. कारण सरळ आहे. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. “लिहून झालं” असं सांगण्याआधी डेटा खरोखर तबकडीवर जायला हवा असेल, तर सेकंदाला शंभरच्या आसपासच घोडं अडणार.

इथे ती साखळी समजून घ्यावी लागते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पोस्टग्रेस (डेटाबेस) कमिट करतं, म्हणजे नोंद पक्की करतं, तेव्हा ते फाइल सिस्टिमकडे पोचपावती मागतं. फाइल सिस्टिम व्हर्च्युअल डिस्ककडे मागते, ती क्यूएमयूकडे (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामकडे), क्यूएमयू होस्टच्या एनएफएस क्लायंटकडे, तो नेटवर्कवरून नॅसकडे, नॅस झेडएफएसकडे, आणि झेडएफएस डिस्ककडे. पावती उलट्या वाटेने वर येते तेव्हा बँकेच्या अ‍ॅपमध्ये “व्यवहार पूर्ण” असं दिसतं. या साखळीत एकाने जरी डेटा मेमरीत ठेवून “लिहिलं” म्हणून सांगितलं, तर वरच्या सगळ्यांचं वचन खोटं ठरतं. आणि तसं सांगायला लावणारे पर्याय जवळजवळ प्रत्येक पायरीवर हाताशी असतात: क्यूएमयूमध्ये ‘अनसेफ’ कॅशे, झेडएफएसमध्ये सिंक (डिस्कवर पक्कं लिहून मगच पावती देणं) बंद करण्याचं सेटिंग.

सिंक बंद करून बघितलं. चाल एकदम कित्येक पटींनी वाढते, म्हणूनच हा सल्ला जागोजागी मिळतो. मला त्याची किंमत मोजून बघायची होती. पोस्टग्रेसच्या व्हीएममध्ये एक टेबल केलं. लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट: चढत्या क्रमाचा आकडा टेबलात घालायचा, कमिटची पावती आली की तोच आकडा लॅपटॉपच्या फाइलमध्ये लिहायचा, मग पुढचा. लॅपटॉप बॅटरीवर, राउटर वेगळ्या प्लगवर. नॅस आणि ती व्हीएम चालवणारा मिनी पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, यूपीएसशिवाय. आकडे पळायला लागले आणि बोर्डचं मेन बटण बंद केलं.

पुन्हा सुरू केल्यावर जे दिसलं ते मला कुठलाही मॅन्युअल इतकं नीट सांगू शकला नसता. पूल निरोगी. व्हीएम नेहमीसारखी बूट झाली. पोस्टग्रेसने क्रॅश रिकव्हरी केली आणि ते निमूट उभं राहिलं. कुठेही एरर नाही, एकही लाल ओळ नाही. फक्त टेबलातला शेवटचा आकडा लॅपटॉपवरच्या आकड्यापेक्षा शेकड्यांनी मागे. झेडएफएस मेमरीतला डेटा साधारण दर ५ सेकंदांनी एका गठ्ठ्याने डिस्कवर उतरवतं आणि गठ्ठा एकतर पूर्ण उतरतो किंवा अजिबात नाही. त्यामुळे सगळं सुसंगत असतं, पण काही सेकंद जुनं. पावती दिलेल्या नोंदी नाहीशा आणि त्याची खूण कुठेच नाही. एखादी ऑर्डर, एखादं पेमेंट असंच गेलं तर लॉग बघणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. ऑफिसात स्टोरेजच्या बैठकीत आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो: पावती कोण देतं, आणि ती देताना डेटा कुठे असतो?

सिंक पूर्ववत केलं आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एसएसडी कामाला लावली, झेडएफएसचं वेगळं लॉग डिव्हाइस म्हणून. लोक याला राइट कॅशे समजतात, ते बरोबर नाही. डेटा मेमरीतूनच डिस्कवर जातो. लॉगवर त्याची फक्त एक नोंद होते आणि ती नोंद वाचली जाते ती वीज गेल्यानंतरच. म्हणून तिला जागा फार लागत नाही. २.५ गिगाबिटने १० सेकंद सलग आलं तरी जेमतेम ३ जीबी. तिला लागतात ते कपॅसिटर. डीसी एस३७०० च्या बोर्डवर ते असतात. वीज गेली तरी मेमरीतलं फ्लॅशवर उतरवण्याइतका दम त्यांच्यात असतो, त्यामुळे ती लगेच आणि खरी पावती देऊ शकते. साध्या घरगुती एसएसडीला प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत जावं लागतं आणि ती या कामात कोलमडते.

तीच एफआयओ चाचणी आता सेकंदाला दोन हजारांच्या वर गेली. आणि बटण बंद करण्याचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा टेबल आणि लॅपटॉप यांचा शेवटचा आकडा तंतोतंत एक होता. पुढच्या काही वेळा करून पाहिलं. कधी टेबलात एक आकडा जास्त निघाला, कारण कमिट झालं पण पावती लॅपटॉपपर्यंत यायच्या आत वीज गेली. कमी कधीच निघाला नाही.

यूपीएस तरीही हवाच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज मिनिटभर जाऊन येते, आणि महावितरणच्या देखभालीच्या दिवशी कित्येक तास नसते. यूपीएसची यूएसबी नॅसला जोडली, नट या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्राममार्फत नॅस तिन्ही नोडना खबर देतो. क्रम महत्त्वाचा: आधी व्हीएम, मग नोड, सगळ्यांत शेवटी नॅस. नॅस आधी गेला तर बंद होऊ बघणाऱ्या व्हीएम तिथेच थिजतात आणि नोड त्यांची वाट पाहत बॅटरी संपवतात. स्विचही यूपीएसवरच हवा, नाहीतर खबर पोचणार कशी?

आईला सुरुवातीला डिस्कच्या आवाजाचा त्रास झाला. “अरे, रात्रभर ते काय टकटकतं?” म्हणून विचारायची. स्क्रबची (सगळा डेटा वाचून तपासण्याची) वेळ रविवारी दुपारची केली आणि डिस्कखाली रबर लावले, तेव्हा प्रश्न मिटला. वीजबिलाकडे मी अधिक लक्ष दिलं. सगळं मिळून साधारण ९० वॉट घेतं, म्हणजे महिन्याला ६५ युनिट. आपल्या बिलात १०० आणि ३०० युनिटला दराची पायरी बदलते, त्यामुळे हे ६५ कुठल्या पायरीवर जाऊन पडतात ते बघावं लागतं. रोजच्यासाठी मी एक नोड बंद ठेवतो. दोन बंद ठेवता येत नाहीत. तिघांच्या क्लस्टरमध्ये दोन मतं हवीत. हाय अव्हेलेबिलिटी नसेल तर एकटा उरलेला नोड चालू व्हीएम चालू ठेवतो, पण नवी सुरू करू देत नाही. दोनच मशीन परवडत असतील तर तिसऱ्या मतासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्यूडिव्हाइस चालवावं.

बॅकअपसाठी जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आहे, नॅसपासून पूर्ण वेगळा. स्नॅपशॉट त्याच पूलवर असतात, आरसा त्याच खोक्यात असतो. चोरी, आग किंवा चुकून दिलेली एक कमांड दोन्ही घेऊन जाते. बॅकअप सर्व्हर डेटाचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच ठेवतो, त्यामुळे रोजचा बॅकअप काही मिनिटांत होतो. महिन्यातून एकदा कुठलीही एक व्हीएम नव्या क्रमांकाने रिस्टोअर करतो, तिचं नेटवर्क काढून ठेवतो, बूट करतो आणि आतल्या टेबलातला शेवटचा आकडा बघतो.

आता हाच बॅकअप घराबाहेर न्यायचा आहे. नाशिकला ताईच्या घरी एक छोटं मशीन ठेवायचं ठरलंय, मधे वायरगार्डचा सुरक्षित बोगदा. पहिली पूर्ण प्रत इथेच घरच्या नेटवर्कवर करणार, एन्क्रिप्ट करून, आणि ती डिस्क गाडीतून नेणार. त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेले तुकडे जातील. ताईने राउटरशेजारची एक फळी मोकळी करून ठेवली आहे. तिथली वीज किती वेळा जाते तेवढं तिला लिहून ठेवायला सांगितलंय, त्यावरून यूपीएस ठरवेन.